पाय पसरायची सीट कार्डवाल्याची का गरजवाल्याची?

होटगीरोडकर
परवा इथं एकानं लिहिलं, "वर्षाला 40 फ्लाइट होतात, एअरलाइनचं गोल्ड कार्ड हाय, लेगरूमची सीट आणि अपग्रेड, म्हणजे वरच्या क्लासची जागा, माझा हक्कच." तेव्हापासून डोक्यात घोळतंय. आईला पुण्याहून दिल्लीला नेलं, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, पाय वाकत नाही. एक्झिट रोला, म्हणजे संकटकाळच्या दाराजवळच्या रांगेत, बसवलं नाही, ते बरोबरच, वेळ आली तर तिथल्या माणसाला दार उघडायला लागतं. म्हणून पहिली रांग मागितली, तर काउंटरवर म्हणाले कार्डवाल्यांसाठी ब्लॉक हाय. आई दोन तास पाय तिरका धरून बसली आणि पहिल्या रांगेत एक धडधाकट पोरगा झोपलेला. हक्क कसला ओ?

विजापूररोड_गोल्ड
ती पोस्ट माझीच. काकूंचं वाईट वाटलं, पण राग चुकीच्या माणसावर काढताय. रविवारी रात्री सोलापुरातून बस, पहाटे पुणे, सहाची फ्लाइट, शुक्रवारी परत तेच. उंची सहा फूट दोन, गुडघे पुढच्या सीटला टेकतात. आणि अपग्रेड काय असंच देत नाहीत, इकॉनॉमी जास्त बुक झाली की कार्ड बघतात, तिकीट कुठल्या भावाचं ते बघतात, आमचं कंपनीचं स्वस्तातलं तिकीट तिथंच मागं पडतं. तीन वर्षांत दोनदा मिळालं. बाकी जागा बोली लावून विकतात.

शेंगाचटणी
पुण्यापर्यंत बसनं जायला लागतं त्याचं बोला की बे! सोलापूरच्या विमानतळाला आडवी येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी 15 जून 2023 ला पाडली, इथनं गोव्याचं विमान उडालं 9 जून 2025 ला. दोन वर्षं नुसती धावपट्टी बघितली.

कुंभारीचा_ऊसवाला
चिमणीचं नाव काढू नका. वडील सभासद, त्या दिवशी घरात कुणी जेवलं नाही. तुम्हाला विमान पाहिजे म्हणून आमच्या को-जनवर, कारखान्याच्या वीज प्रकल्पावर, हातोडा. हजारो शेतकऱ्यांचा ऊस एका बाजूला, तुमचे पाय एका बाजूला.

शेंगाचटणी
मग विमान उतरवायचं कुठं? बोरामणीचं नवीन विमानतळ माळढोक पक्ष्याच्या वनजमिनीत अडकून पडलं. माझा भाऊ आयटीत, पुण्यालाच घर घेतलं त्यानं, आई-बाप इथं एकटे. त्याचा हिशोब कोण करणार?

कुंभारीचा_ऊसवाला
भाऊ गेला त्यात कारखान्याचा काय दोष? नोकऱ्या नाहीत म्हणून गेला. विमान आलं, आता परत आला का तो?

शेंगाचटणी
घरच्यांवर जायचं नाही, सांगून ठेवतो.

बाळीवेस_फिजिओ
बास करा ओ दोघं. होटगीरोडकर, असा पेशंट असला तर 48 तास आधी एअरलाइनला कळवायचं, व्हीलचेअर आणि सोयीची सीट दोन्ही तेव्हाच मागायचं. काउंटरवर पोचल्यावर त्यांच्या हातात फार काही राहत नाही. माझे निम्मे पेशंट हेच करतात आणि मग इथं येऊन रडतात.

होटगीरोडकर
कळवलं नव्हतं, ते माझं चुकलं. पण त्या पोरानं आईला बघितलं होतं, चांगलं बघितलं आणि डोळे मिटले. त्याला 48 तासांची नोटीस लागत होती का?

विजापूररोड_गोल्ड
मी असतो तर उठलो असतो, एवढं मान्य. पहिली रांग देईन. एक्झिट रो मात्र सोडणार नाही, त्यासाठी वर्षभर रात्रीच्या बसनं पाठ मोडून घेतलीय.