पुढच्या दातांचं फिलिंग: साधी मायलार स्ट्रिप की वळणदार मॅट्रिक्स?

इंटर्न_धंतोली: 11 च्या (वरचा उजवा मधला दात) मेसियलला (मधल्या रेषेकडच्या बाजूला) क्लास थ्री (कोपरा शाबूत असलेली, बाजूची कॅव्हिटी) आहे आणि 21 चा (वरचा डावा मधला दात) कोपरा तुटलाय. दोन्हीकडे कंपोझिटच (दाताच्या रंगाचं रेझिन फिलिंग) करायचंय. साधी पारदर्शक मायलार (प्लास्टिकची) स्ट्रिप पुरेल का? सरळ स्ट्रिपने हिरडीपाशी लेज (बाहेर आलेली कड) येते आणि कॉन्टॅक्ट (शेजारच्या दाताशी होणारा स्पर्श) उघडा राहतो, हे कसं टाळायचं?

कॉन्झर्व्ह_नागपूर: क्लास थ्रीला साधी 50 मायक्रॉनची मायलार पुरते, पण तिला आधी वळण द्या. आरशाच्या दांड्यावर अंगठ्याने दाबून दोन-तीनदा ओढली की ती वळते. दाताची बाजू फुगीर असते. दोन्ही टोकं ताणली की स्ट्रिप सपाट होते आणि भिंतही सपाटच तयार होते. स्ट्रिप मार्जिनच्या (कॅव्हिटीच्या हिरडीकडच्या कडेच्या) साधारण 1 मिमी खाली जाऊ द्या. वेज (दोन दातांमध्ये घालायची छोटी पाचर) मार्जिनच्या खालीच बसली पाहिजे; वर सरकली तर स्ट्रिप आत दबून खाच पडते. कॅव्हिटी पॅलेटलकडून (टाळूच्या बाजूने) उघडली असेल तर वेज लेबियलकडून (ओठाच्या बाजूने) घाला, म्हणजे हाताला आड येत नाही. वेज घट्ट हवी, कारण स्ट्रिप काढल्यावर तिच्या जाडीएवढी फट उरते. वेजने दात किंचित सरकलेले असले तरच ती भरून निघते.

एचिंगच्या (ॲसिडने दात खरखरीत करण्याच्या) आधीच शेजारच्या दातावर स्ट्रिप किंवा टेफ्लॉन टेप हवी. बाँड (कंपोझिट चिकटवणारा थर) क्युअर झाला (प्रकाशाने कडक झाला) की ती स्ट्रिप टाकून द्या, नवी घ्या. जुनीवर साचलेला बाँड कडक होतो, आणि तीच लेज.

स्माईल_सीताबर्डी: 21 ला नुसत्या स्ट्रिपवर विसंबू नका. मॉकअप (दाताचा तात्पुरता नमुना) करून पुट्टी इंडेक्स (त्याचा सिलिकॉनचा साचा) घ्या, त्यात अर्धा मिमीचं पॅलेटल शेल (टाळूकडची पातळ भिंत) बांधा, मग इंडेक्स काढून बाजूची भिंत. तिथे कंपोझिट ठेवून स्ट्रिप लेबियलकडून पॅलेटलकडे हळू ओढा आणि तशीच धरून क्युअर करा. दोन दातांमधली फट मोठी असेल तर मात्र तयार वळणाची अँटिरियर मॅट्रिक्सच (पुढच्या दातांसाठीची साच्याची पट्टी) घ्या. धातूची सेक्शनल मॅट्रिक्स (दाताच्या एकाच बाजूला बसणारी छोटी पट्टी) उभी लावली तर आकार छान टिकतो, पण तिच्यातून प्रकाश जात नाही. काढल्यावर दोन्ही बाजूंनी पुन्हा क्युअर कराच.

इंटर्न_धंतोली: धन्यवाद मॅडम. ओढताना कंपोझिटच स्ट्रिपबरोबर येतं, त्याचं काय?

कॉन्झर्व्ह_नागपूर: आपल्याकडच्या मे महिन्यात, त्यातही नुसत्या कूलरवर, ते फार मऊ पडतं. सिरिंज फ्रीजमध्ये ठेवा आणि वापरायच्या अर्धा तास आधी बाहेर काढा. थेट गार वापरलं तर ते नीट दाबलं जात नाही, आत पोकळ्या राहतात. शेवटी फ्लॉस घाला. धागा तुटला किंवा विसविशीत झाला तर 12 नंबरच्या ब्लेडने फ्लॅश (कडेला बाहेर आलेलं जादा कंपोझिट) काढा. फिनिशिंग स्ट्रिप मधल्या गुळगुळीत भागातून आत घ्या आणि फक्त कॉन्टॅक्टच्या खाली चालवा, नाहीतर मिळालेला कॉन्टॅक्टच घासून जाईल.