कवितावेड्यांना भेट: 'निवडक' नकोच!

अर्धविराम: सुट्ट्या तोंडावर आल्या की भेटींची यादी निघते आणि कविता वाचणाऱ्या माणसापाशी येऊन अडते. मग हात जातो 'निवडक कविता' छापाच्या जाडजूड ग्रंथाकडे. माझ्याकडे एकाच कवीचे असे तीन जमलेत, दोघांचं तर प्लॅस्टिकही निघालेलं नाही. कवीने कविता ज्या क्रमाने लावल्या तो क्रमच निवडीत मोडतो. चाळीस पानांचा का असेना, मूळ संग्रह द्या.

पानगळ: आणि तो त्यांच्याकडे आधीच असला तर? कवितावेड्याकडे तो असतोच हो. शिवाय सगळ्या निवडी एका माळेचे मणी नव्हेत. कुसुमाग्रजांची 'रसयात्रा' बोरकर आणि शंकर वैद्यांनी निवडली, विंदांची 'संहिता' पाडगावकरांनी. एक कवी दुसऱ्याला कसा वाचतो हे मूळ संग्रहात कुठून मिळणार? मला कवितेची गोडी लागली ती अशाच एका निवडीमुळे.

अर्धविराम: ही दोन्ही उदाहरणं मान्य. पण संपादक नेहमी इतके भले नसतात. अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सन १८८६ मध्ये गेली, पहिला संग्रह निघाला १८९० मध्ये. संपादकांनी तिची यमकं घासूनपुसून घेतली, कवितांना आपल्या मनाने शीर्षकं दिली, तिचे ते प्रसिद्ध डॅश बहुतेक उडवले. तिच्या हस्तलिखितांबरहुकूम सगळ्या कविता एकत्र यायला १९५५ उजाडलं. जुना पाठ स्वामित्वहक्काबाहेर असल्याने अजून छापला जातो, आणि तोच सुंदर बांधणीत भेट म्हणून खपतो!

पानगळ: म्हणजे भांडण आवृत्तीशी आहे, निवडीशी नाही. आता आलात ना वाटेवर?

अर्धविराम: अर्ध्या वाटेवर.

जुनं दप्तर: तुम्ही दोघं संपादकांवर भांडताय, ज्याला द्यायचं त्याचं कपाट कुणी पाहिलंय का? मी वहिनीच्या कपाटापुढे चहा गार होईपर्यंत उभी होते. अरुण कोलटकरांचे मराठी संग्रह ओळीने होते, पानांच्या कडा दुमडून मऊ झालेल्या. १९७६ ची 'जेजुरी' मात्र नव्हती, कारण ती त्यांनी इंग्रजीत लिहिली. तीच दिली.

पानगळ: हे बेष्ट. आत काही लिहिलंत?

जुनं दप्तर: फक्त तिचं नाव, तेही पेन्सिलीने. दुसरीकडे कुठे ठेवलेली असलीच, तर बदलून आणता यावी.