'पुट ऑफ', 'कॉल ऑफ' आणि आपले 'टाकणे'

प्रश्न : सोलापुरातील एका टॉवेल कारखान्याचा परदेशी खरेदीदारांशी होणारा इंग्रजी पत्रव्यवहार मी सांभाळते. माल पुढच्या जहाजाने जाणार हे कळवताना मी 'शिपमेंट इज कॉल्ड ऑफ' असे लिहिले आणि ऑर्डर रद्द का केली, असे विचारणारा फोन लगेच आला. 'पुट ऑफ' लिहायला हवे होते, हे नंतर समजले. दोन्हींत 'ऑफ' असताना अर्थ इतका वेगळा का?

उत्तर : 'ऑफ' म्हणजे 'पासून दूर'. 'पुट ऑफ'मध्ये गोष्ट आजपासून दूर ठेवली जाते, म्हणजे लांबणीवर पडते; 'कॉल ऑफ'मध्ये ती माघारी बोलावली जाते, आणि पाठलागावर सोडलेल्या कुत्र्यांना परत बोलावण्यासाठीही इंग्रजीत हाच प्रयोग होतो. मात्र अशी फोड प्रत्येक वेळी जमेलच असे नाही, आणि त्यात नवल वाटण्याचे कारणही नाही, कारण 'लाडू खाऊन टाकला' म्हणताना आपण तरी कुठे काही टाकलेले असते? तेथे 'टाकणे' हे क्रिया पुरती उरकल्याचे सांगते, आणि 'ईट अप', 'यूज अप' यांतील 'अप' नेमके तेच काम करते. 'तो सांगून बसला' यातील पश्चात्तापाची छटा मात्र असल्या जोडशब्दाने साधत नाही; त्यासाठी इंग्रज माणूस 'ही वेंट अँड टोल्ड देम' म्हणतो, जरी तो कोठेही गेलेला नसतो. म्हणून असे प्रयोग सुटे न करता अख्खे पाठ करावेत.

लिहिताना एक पथ्य पाळावे. 'पुट ऑफ'चे कर्म सर्वनाम असेल तर ते मध्येच येते : 'पुट इट ऑफ' बरोबर, 'पुट ऑफ इट' चूक. 'लुक आफ्टर'ची मात्र अशी फूट पडत नाही. तेथे 'लुक आफ्टर इट' असेच लिहावे लागते. औपचारिक पत्रात 'पोस्टपोन' आणि 'कॅन्सल' वापरले, तर घोटाळा मुळातच टळतो.

प्रश्न : पत्राच्या शेवटी मी 'वी लुक फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू' लिहिते. ते तरी बरोबर आहे का?

उत्तर : नाही, तेथे 'हिअरिंग' हवे. 'ऐकायला उत्सुक' हे मराठी मनात असल्यामुळे आपण 'टू हिअर' लिहून जातो, परंतु हा 'टू' क्रियापदाचा नसून नामापूर्वी येणारा आहे, आणि त्याच्यापुढे 'ऐकणे'चे नामरूपच शोभते. 'आय यूज्ड टू राइट' म्हणजे 'मी लिहीत असे', तर 'आय ॲम यूज्ड टू रायटिंग' म्हणजे 'मला लिहिण्याची सवय आहे', हा फरकही त्याच 'टू'मुळे पडतो.

जाता जाता 'रिव्हर्ट बॅक'विषयी. आपल्याकडच्या कचेऱ्यांत 'रिव्हर्ट' म्हणजे उत्तर देणे असे रूढ झाले आहे, पण इतरत्र बहुतेक ठिकाणी त्याचा अर्थ पूर्वस्थितीला जाणे असा घेतला जातो, शिवाय 'बॅक' त्यात आधीच आलेले असते. परदेशी खरेदीदाराला 'प्लीज रिप्लाय' किंवा 'प्लीज गेट बॅक टू अस' लिहावे.