देवांची पात्रं असलेली विनोदी एकांकिका: सेन्सॉर, कलम २९९ आणि प्रयोगाची तयारी

विंगेतून (प्रश्न)

४५ मिनिटांची एकांकिका बसते आहे. पात्रं: यम, चित्रगुप्त, नारद आणि एक भोंदू बाबा. बाबा मरून यमाच्या दरबारात येतो आणि तिथंही रांग मोडून व्हीआयपी पासानं आत सोडा म्हणतो. पहिला प्रयोग पुण्यात, मग दोन स्पर्धा, नंतर चित्रीकरण करून यूट्यूबवर. सेन्सॉर कसं करून घ्यायचं? धार्मिक भावना दुखावल्याचं कलम खरोखर कधी लागतं? आणि संहितेत आधीच काय सांभाळावं? देव काढून टाका एवढाच सल्ला असेल तर तो नको, तो सगळ्यांनी देऊन झाला आहे.

संहिता_फाईल

चित्रपटाचं सेन्सॉर केंद्राचं, नाटकाचं राज्याचं. महाराष्ट्र राज्य रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. त्याचं मूळ महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३३ मध्ये आणि त्याखालच्या १९६० च्या नियमांत आहे. म्हणजे नाटक आजही कायद्याच्या लेखी पोलीस परवान्याचा विषय आहे, आणि हे चूक आहे असं माझं स्पष्ट मत आहे. अमोल पालेकर २०१६ मध्ये या पूर्वतपासणीविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेले होते. पण नाट्यगृहाची तारीख घेऊन बसला असाल तर आधी प्रमाणपत्र हातात घ्या, वाद मागाहून घाला. नाट्यगृहाचं व्यवस्थापन ते मागतं, अनेक स्पर्धांच्या नियमावलीतही त्याची अट असते.

संहिता पूर्ण झाल्यावरच पाठवा. गाणी, निवेदन, पडद्यामागून येणारे आवाज, सगळं त्यात हवं. पानांना क्रमांक हवेत. देवाच्या पात्राची वेशभूषा कंसात एका ओळीत लिहा, कारण वाचणाऱ्याला कागदावर फक्त "यम कमरेवर हात ठेवून नाचतो" एवढंच दिसतं आणि बाकीचं तो मनानं भरतो. प्रयोगाच्या किमान दीड महिना आधी दाखल करा.

वाक्यं गाळायला सांगितली तर तोंडी हो म्हणू नका. कुठलं पान, कुठलं वाक्य, आक्षेप काय, हे लेखी मागा आणि प्रत्येक वाक्यावर वेगळं उत्तर द्या. १९७२ मध्ये 'सखाराम बाइंडर'वर मंडळानं कात्री चालवली तेव्हा कमलाकर सारंग उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. नेमका आक्षेप कागदावर असेल तरच असं लढता येतं.

खरा घोळ होतो तो ॲडिशनमुळे, म्हणजे नटानं प्रयोगात आयत्या वेळी घातलेल्या वाक्यांमुळे. प्रमाणपत्र संहितेला मिळतं, नटाच्या उत्स्फूर्त वाक्याला नाही. तिसऱ्या प्रयोगात हशा येतो म्हणून बाबाच्या तोंडी आठवड्यातल्या बातमीतलं नाव घातलं, की ते वाक्य प्रमाणपत्राबाहेर गेलं. ॲडिशन टिकवायची असेल तर सुधारित पान मंडळाकडे पाठवा.

फौजदारी_बाजू

धार्मिक भावना दुखावल्याचं भारतीय दंड संहितेतलं जुनं कलम २९५अ म्हणजे १ जुलै २०२४ पासूनचं भारतीय न्याय संहितेचं कलम २९९. शिक्षा तीन वर्षांपर्यंत, गुन्हा दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) आणि अजामीनपात्र (जामीन हक्कानं मिळत नाही). यातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द आहे हेतू. अपमान बुद्धिपुरस्सर आणि दुष्ट हेतूनं केलेला असला पाहिजे. १९५७ मध्ये रामजीलाल मोदी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हे कलम वैध ठरवलं ते याच आधारावर. महेंद्रसिंग धोनीला एका मासिकानं मुखपृष्ठावर विष्णूच्या रूपात छापलं होतं. तो खटला २०१७ मध्ये रद्द झाला, कारण अनवधानानं किंवा बेफिकिरीनं झालेला अपमान या कलमात बसत नाही.

भावना कुणाच्या धरायच्या, याचं उत्तर आपल्या नागपुरात मिळालेलं आहे. तिथल्या तेव्हाच्या उच्च न्यायालयात न्या. व्हिव्हियन बोस यांनी म्हटलं की शब्दांचा परिणाम विवेकी, खंबीर मनाच्या माणसाच्या मापानं मोजायचा. जिथं तिथं धोका दिसणाऱ्या कमकुवत मनाच्या माणसाच्या मापानं नाही. १९८८ मध्ये 'तमस' मालिकेच्या वेळी सर्वोच्च न्यायालयानं हीच कसोटी उचलली. खासदार इम्रान प्रतापगढी यांच्या कवितेवरच्या खटल्यातल्या, सर्वोच्च न्यायालयाच्या २८ मार्च २०२५ च्या निकालातही तीच आहे.

त्या निकालातला दुसरा भाग तुमच्या जास्त कामाचा. तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या, बोलण्या-लिहिण्याच्या गुन्ह्यांत पोलिसांनी एफआयआरआधी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) खाली प्राथमिक चौकशी करणं योग्य, असं न्यायालय म्हणतं. मुदत १४ दिवस. पोलीस ठाण्यातून फोन आला तर वकिलामार्फत याच कलमाचा लेखी अर्ज द्या. सोबत प्रमाणपत्र आणि मंडळाच्या शिक्क्याची पूर्ण संहिता जोडा, सुटी पानं देऊ नका. शिवाय न्यायालयाला २९९ च्या गुन्ह्याची दखल घ्यायला त्याच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१७ खाली सरकारची पूर्वमंजुरी लागते.

पण ही मंजुरी खटल्यासाठी आहे, अटकेसाठी नाही. लोक इथंच गाफील राहतात. २ फेब्रुवारी २०२४ ला पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात रामलीलेतल्या नटांच्या पडद्यामागच्या गमतीवरचा प्रयोग बंद पाडला गेला. विद्यार्थ्यांचं ते परीक्षेचं सादरीकरण होतं. विभागप्रमुख आणि विद्यार्थ्यांना अटक झाली. जामीन लवकर मिळाला, पण मिळेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलं. त्याच वर्षी आयआयटी मुंबईत रामायणावर बेतलेल्या नाटकासाठी संस्थेनंच काही विद्यार्थ्यांना १ लाख २० हजार रुपयांपर्यंत दंड केला. म्हणून महाविद्यालयाच्या नावानं प्रयोग असेल तर संस्थेची लेखी संमती वेगळी घ्या.

आणि धोका कायद्यापुरताच नसतो. ४ जून २००८ ला ठाण्याच्या गडकरी रंगायतनात स्फोट झाला तेव्हा तिथं महाभारतावरचं विडंबन, 'आम्ही पाचपुते', लागलेलं होतं. माणसं जखमी झाली. धमकीचा एक संदेश जरी आला तरी त्याची प्रत लावून बंदोबस्तासाठी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. निदर्शनांच्या धाकानं कलाकृती थांबवू नये, संरक्षण देणं राज्याचं काम आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्येच एस. रंगराजन खटल्यात सांगितलं आहे. अर्जात त्याचा उल्लेख करा.

गण_गवळण

संहितेबद्दल. देव रंगमंचावर आणून हसवणं ही आपल्याकडं बाहेरून आलेली गोष्ट नाही. तमाशाच्या गवळणीत कृष्ण मथुरेच्या वाटेवर दान मागतो आणि मावशी त्याला तोंडावर सुनावते. दशावतारात काळ्या कपड्यातला, लालभडक जीभ लोंबणारा संकासुर येतो आणि वेद चोरणारा हा राक्षस आधी सगळ्या गावाला खदाखदा हसवतो. एकनाथांच्या रोडग्याच्या भारुडात सुनेचा नवस काय असतो? सासरची एकेक माणसं उचल. हे सगळं देवळाच्या अंगणात चालत आलं, कारण हसू देवाला नव्हतं, देवापुढं लबाडी करणाऱ्या माणसाला होतं.

तुमच्या दरबारातल्या प्रवेशाला हेच माप लावा. उदाहरणार्थ:

चित्रगुप्त: नाव?
बाबा: नाव विचारतोस? खाली माझ्या पायाचं पाणी बाटलीत विकत होते.
चित्रगुप्त: तेच लिहिलंय. पाणी नळाचं, दर शंभर रुपये.

इथं हशा बाबाच्या धंद्यावर आला. पण चित्रगुप्त पुढं "आणि पिणारे सगळे गाढव" म्हणाला, की घाव भक्तावर पडला. समोरच्या पाचव्या रांगेतल्या बाईच्या घरातही तशीच बाटली असेल. ते वाक्य सेन्सॉरच्या भीतीनं काढायचं नाही, ते नाटक म्हणूनच कच्चं आहे.

विंगेतून

अगदी तसंच एक वाक्य संहितेत आहे, पान ११ वर. काढतो. बाबाची बोली, गंध, माळ एका ठरावीक पंथासारखी ठेवली होती. ती चालेल?

गण_गवळण

नको. गंधाचा आकार आणि माळेचा प्रकार यांवरून पंथ लगेच ओळखला जातो आणि मग बाबा हा माणूस न राहता त्या पंथाचा प्रतिनिधी होतो. त्याला कुठलीच खूण नसलेला, पण भारी घड्याळ आणि चार मोबाईलवाला ठेवा.

फौजदारी_बाजू

हे कायद्याच्या दृष्टीनंही बरोबर. पंथ ओळखता आला तर तक्रारीत २९९ सोबत गटांत तेढ पसरवल्याचं कलम १९६ जोडायला जागा मिळते.

कॅमेरा_दोन

यूट्यूबसाठी चित्रपटाचं सेन्सॉर लागत नाही. चित्रपटगृहात किंवा तसंच जाहीरपणे दाखवणार असाल तर सिनेमॅटोग्राफ कायदा येतो. पण यूट्यूबवर ४५ मिनिटं कुणी तक्रारीला जोडत नाही, २० सेकंदांची क्लिप जोडतात. म्हणून ज्या वाक्यावर आक्षेप येऊ शकतो आणि ज्या उत्तरानं ते उलटतं, ती दोन्ही एकाच शॉटमध्ये घ्या, मध्ये कट नको. दोन पात्रं एका चौकटीत ठेवा. नुसता यमाचा क्लोजअप घेतला की तो कापून वेगळा फिरवणं सोपं होतं. जाहिरातीचे रील्स तुम्ही स्वतः कापता तेव्हा हीच चूक सर्रास होते: सगळ्यात झोंबणारं वाक्य उचललं जातं, उत्तर मागं राहतं. पहिल्या प्रयोगाचं मागच्या रांगेतून न थांबवता केलेलं पूर्ण चित्रीकरण तारखेसह वेगळं जपा. प्रयोगात नेमकं काय बोललं गेलं यावर वाद झाला तर तेच दाखवता येईल. त्यासाठी ट्रायपॉड आणि रिकामं मेमरी कार्ड पुरे.