नॉर्दर्न लाइट्स पाहण्यासाठी मार्गदर्शकासोबतची रात्रीची सहल घ्यावी का?

जुळे सोलापूर
नमस्कार. नॉर्वेतील ट्रोम्सो येथे जाऊन नॉर्दर्न लाइट्स (रात्री आकाशात दिसणारा ध्रुवीय प्रकाश) पाहण्याचा आमचा बेत पक्का होत आला आहे. आम्ही दोघे आणि सासूबाई असे तिघे जण आहोत. सासूबाईंचे गुडघे दुखतात, मात्र उत्साह आमच्यापेक्षा त्यांनाच अधिक आहे. तेथील सहलींत संध्याकाळी शहराबाहेर नेतात आणि मध्यरात्र उलटल्यावर परत आणतात, असे वाचले. माणशी दर पाहता प्रश्न पडतो की हे पैसे खर्च करावेत, की भाड्याची गाडी घेऊन आपले आपणच जावे? सोलापूरची गड्ड्याची यात्रा चुकवायची नसल्याने जानेवारीचा मध्य सोडून कोणता काळ योग्य ठरेल, हेही कृपया सांगावे.

भुईकोट
सहल अवश्य घ्यावी, परंतु पैसे नेमके कशाचे देतो आहोत हे आधी समजून घ्यावे. ट्रोम्सो ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्यातच येत असल्याने तेथे प्रकाशाची वानवा नसते. खरा अडसर ढगांचा असतो. समुद्राच्या उबदार प्रवाहामुळे किनाऱ्यावर थंडी बेताची आणि आकाश वारंवार भरलेले, तर डोंगरांपलीकडे आत गेल्यावर थंडी कडाक्याची पण आकाश मोकळे, असा तिथला प्रकार आहे. त्यामुळे मार्गदर्शक हवामानाचे नकाशे पाहत गाडी कधी स्किबोटनच्या खोऱ्याकडे, तर कधी थेट फिनलंडच्या हद्दीत नेतो. आमच्या मार्गदर्शकाने निघाल्यानंतर अर्ध्या वाटेत दिशा बदलली होती, आणि त्या एका निर्णयात त्याची फी वसूल झाली असे माझे मत आहे. बर्फाळ रस्त्यावर रात्री गाडी चालवण्याची सवय आपल्याकडे कोणाला असणार? तो विचार सोडून द्यावा.

सासूबाईंसाठी मोठ्या बसऐवजी लहान गाडीची सहल निवडावी, कारण त्यांना हवे तेव्हा गाडीत येऊन बसता येते. प्रकाश न दिसल्यास पैसे परत मिळतात का, हे आरक्षणापूर्वी लेखी विचारावे. बहुतेक ठिकाणी ते मिळत नाहीत. म्हणून मुक्काम चार-पाच रात्रींचा ठेवून सहल पहिल्या रात्रीच घ्यावी, म्हणजे ढगांनी दगा दिला तरी पुढच्या रात्री हाताशी राहतात.

कंबर तलाव
काळाविषयी थोडे. ट्रोम्सोमध्ये नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाही, आणि मेच्या उत्तरार्धापासून जुलैच्या उत्तरार्धापर्यंत तो मावळतच नाही. यात्रा आटोपून फेब्रुवारीच्या उत्तरार्धात किंवा मार्चमध्ये गेल्यास रात्र पुरेशी काळोखी मिळते, दिवसाही फिरता येते, आणि दिवस-रात्र समान असणाऱ्या विषुवदिनाच्या आसपास भूचुंबकीय हालचाल, जिच्यामुळे हा प्रकाश खुलतो, सरासरीने अधिक असते. केपी निर्देशांकाची (ही हालचाल ० ते ९ अशी मोजणाऱ्या आकड्याची) धास्ती घेऊ नये. तो दोन-तीन असला तरी तेथे प्रकाश दिसू शकतो.

अपेक्षा मात्र बेताची ठेवावी. हिरवा रंग साधारण १०० ते १५० किलोमीटर उंचीवरील ऑक्सिजनचा, तर तांबडा त्याहून वरच्या विरळ ऑक्सिजनचा असतो. प्रकाश मंद असताना आपल्या डोळ्यांना रंग नीट कळत नाही, त्यामुळे आरंभी केवळ फिकट राखाडी पट्टा दिसतो आणि तो ढग आहे की प्रकाश, हे पाहण्यासाठी मार्गदर्शकसुद्धा आधी कॅमेऱ्याने एक छायाचित्र काढून घेतो. कॅमेऱ्यात हिरवा उमटला की सगळे गाडीतून उतरतात. १०-११ मे २०२४ च्या सौर वादळात लडाखमधील हानले येथूनही तांबडी आभा टिपली गेली होती, परंतु भारतात बसून तशा रात्रीची वाट पाहणे व्यवहार्य नाही.

होटगी रोड
वरील दोघांशी सहमत आहे. व्यवहाराचे तेवढे जोडतो. नॉर्वे आणि फिनलंड दोन्ही शेंगेन क्षेत्रात (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) असल्याने रात्री हद्द ओलांडण्यास वेगळा व्हिसा लागत नाही, तरीही पासपोर्ट खिशात असू द्यावा. व्हिसासाठीच्या प्रवास विम्याचे संरक्षण किमान ३०,००० युरोचे असावे लागते. अनेक सहलींत जाड सूट आणि बूट मिळतात, पण आतले कपडे लोकरीचेच घ्यावेत. सुती कपडा घामाने ओलसर होतो आणि मग थंडी हाडांत शिरते. बूट किंचित सैल असावेत. मोबाइलची बॅटरी थंडीत भराभर उतरते, म्हणून तो आतल्या खिशात ठेवावा.

शेकोटीपाशी सूप देतात ते पुष्कळदा माशांचे असते, तेव्हा शाकाहारी असल्यास आधीच कळवावे. कडक भाकरी आणि शेंगाचटणी मध्यरात्री फार कामाला येते. पेढे मात्र नेऊ नयेत, कारण युरोपबाहेरून दुग्धजन्य पदार्थ नॉर्वेत आणण्यास मनाई आहे.

जुळे सोलापूर
सर्वांचे मनःपूर्वक आभार. मार्चचा पहिला आठवडा धरून लहान गाडीचीच चौकशी करते. मध्यरात्री परतेपर्यंत वाटेत स्वच्छतागृहाची सोय असते का? सासूबाईंचा पहिला प्रश्न तोच आहे.

भुईकोट
जाताना पेट्रोल पंपावर बहुधा थांबतात. पुढे उघडा माळच. काही सहली तंबू किंवा लाकडी झोपडी असलेल्या ठराविक तळावर नेतात, तेथे ही सोय असते, पण मग ढगांमागे धावता येत नाही. हे आरक्षणाच्या वेळीच स्पष्ट विचारून घ्यावे.