विषय: आरव्हीतला फ्रिज आणि सासूबाईंचं जेवण

नमस्कार मंडळी,

जुलैत आम्ही सहा जण भाड्याची आरव्ही (चाकांवरचं घर) घेऊन यलोस्टोन पार्कला निघतोय, जाऊन-येऊन आठ दिवस. सासूबाई बरोबर आहेत, त्यांना बाहेरचं चालत नाही. गेल्या वर्षी टाहो तलावाला दुसऱ्याच दिवशी दूध नासलं, कणीक आंबली, आणि घरात माझी पत गेली ती गेलीच. फ्रिजचा दिवा तर लागलेला होता. चुकलं कुठे?

अ., सनीव्हेल

---

अ.,

टाहोला गाडी उतारावर उभी होती का? असेल तर उत्तर तिथेच आहे.

भाड्याच्या पुष्कळ गाड्यांतल्या फ्रिजला कॉम्प्रेसर नसतो. आत अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन. मागे प्रोपेन गॅसची ज्योत किंवा विजेचा हीटर त्यांना तापवतो. आग लावून गारवा! अमोनिया वर चढतो आणि आपल्याच वजनाने खाली वाहत येतो, म्हणून गाडी तिरकी असली की वाटेत साचतो. गाडी चालताना हिंदकळतो, त्यामुळे फारसं बिघडत नाही. तिरक्या जागी रात्रभर उभी केलीस की फ्रिज गार व्हायचा थांबतो. मुक्कामी पोचलीस की आधी लेव्हल लावून बघ, चाकांखाली ठोकळे घाल, मग चहा.

दुसरं, हा फ्रिज फार आळशी. रिकामा गार व्हायलाच आठ-दहा तास लागतात. कोमट डाळ आत ठेवलीस तर शेजारच्या दुधाचाही जीव जाईल. गाडी आदल्या संध्याकाळीच ताब्यात घे, घरच्या प्लगला जोड, आणि सकाळी सगळं गारच भर. ठासून भरू नकोस, हवा फिरली पाहिजे. पाच डॉलरचा थर्मामीटर आत टाक. काटा 40 अंश फॅरनहाइटच्या वर गेला की दूध, पनीर, शिजवलेलं अन्न यांना दोनच तासांची मुदत, बाहेर नव्वदच्या वर ऊन असेल तर एकच. वाटेत नेवाडात जुलैत एकच धर.

पोरांची पेयं वेगळ्या कूलरमध्ये. दार दर पाच मिनिटांनी तेच उघडतात. कूलरमध्ये बर्फाचा चुरा नको, दुधाच्या रिकाम्या जगमध्ये पाणी गोठवून ने. लादी हळू वितळते, आणि वितळली की प्यायला पाणी.

गॅस स्टेशनवर शिरण्याआधी प्रोपेन बंद करायचं. हे विसरायचं नाही.

काका, फ्रीमाँट

---

काकांचं यंत्र झालं, आता पोटाचं बोलते.

फ्रिजवर इतकं अवलंबून राहायचंच कशाला? दुधात भिजवलेल्या दशम्या दोन दिवस सहज टिकतात, पूर्ण गार झाल्यावरच बांधायच्या, नाहीतर घाम येतो. भाजलेला रवा, भाजलेलं डाळीचं पीठ, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी. पिठलं दहा मिनिटांत होतं. सुक्या खोबऱ्याची लसूण चटणी चालेल, पण ओला लसूण तेलात मुरवून बाहेर ठेवू नकोस. तेलाखाली हवा नसते, आणि बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचा जंतू तिथेच वाढतो. भातही लागेल तेवढाच लाव. उरलेल्या भातातलं विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. फोडणीचा भात घरी.

आणि ताजा कढीपत्ता नेऊ नकोस. तो लिंबाच्या कुळातला, त्यावर लिंबाच्या बागा मारणाऱ्या रोगाची कीड बसते, म्हणून कॅलिफोर्नियात त्याच्यावर बंधनं आहेत. परत येताना ट्रकी गावाजवळ आय-80 महामार्गावर तपासणी नाका लागतो, तिथे फळं-पाला विचारतात. आमची अख्खी पिशवी गेली होती. वाळवून चटणीत घाल.

काकू (त्याच पत्त्यावरच्या)

---

एकच भर: यलोस्टोनच्या बहुतेक कँपग्राउंडमध्ये वीज मिळत नाही, फिशिंग ब्रिजला मिळते. ते लवकर भरतं. आणि कूलर बाहेर टेबलावर ठेवून झोपू नका, गाडीच्या आत घ्या. अस्वलाला दशमी चालते.

मि., सॅन होजे

---

काका-काकू, मि., मनापासून आभार. टाहोला गाडी उतारावरच होती, नवऱ्याने कबूल केलं. सासूबाईंना मेल वाचून दाखवला. म्हणाल्या, "आग लावून गार होणारं यंत्र अमेरिकेतच मिळायचं." दशम्या त्या स्वतः करणार आहेत, माझ्यावर विश्वास नाही.

कोणाकडे मोठा कूलर आठ दिवसांसाठी मिळेल का? धुऊन परत करेन.

अ.