मदत हवी आहे: जवारी (गावठी) मिरचीचा तरू (लावणीसाठी वाढवलेली रोपं) वाफ्यातच कोलमडतोय

नमस्कार मंडळी,

गाव गडहिंग्लज तालुक्याच्या पूर्व भागात, रान मध्यम काळं. आमच्याकडं दरवर्षी संकेश्वरी जवारी मिरची असते आणि बियाणं घरचंच. लाल झालेली, लांब, सुरकुतलेल्या सालीची फळं आई स्वतः निवडून बाजूला काढते. नर्सरीत मिळतात ती बहुतेक संकरित हिरव्या मिरचीची रोपं. वाळवून गडहिंग्लजच्या सौद्याला न्यायची मिरची त्यातनं होत नाही. म्हणून हा तरू वाचवायचाच आहे.

मृगाच्या आधी तरू टाकला, उगवण एकसारखी झाली. पाऊस लागून राहिला तसं रोप पडायला सुरुवात झाली. पानं हिरवीच असतात, पण मातीलगत खोड पाणचट होतं, तपकिरी पडतं, दोऱ्यागत बारीक होतं आणि रोप आडवं. आज मूठभर जागेत दिसलं तर दोन दिवसांत तिथं मोठं टक्कल पडतंय. उपटून बघितलं तर मुळं तपकिरी, बोटात धरून ओढली की वरची साल निघून येते. कुरतडल्याची खूण कुठंच नाही. वाफ्याच्या मधल्या सखल भागात मर जास्त आहे, कडेची उंचावरची रोपं अजून ताठ आहेत.

औषधाच्या दुकानात सांगितलं की ट्रायकोडर्मा आणि तांब्याचं बुरशीनाशक एकत्र कालवून ओता. ते बरोबर आहे का? उभी राहिलेली रोपं लावणीला चालतील का? थोडं बी शिल्लक आहे. आर्द्रा लागल्या, आता पुन्हा तरू टाकला तर उशीर होईल का? जाणकारांनी कृपया सांगावं.

हिरण्यकेशी_काठ:
दादा, पहिलं म्हणजे ते दोन्ही एकत्र अजिबात ओतू नका. ट्रायकोडर्मा ही जिवंत बुरशी आहे, तांब्यानं ती मरते आणि पैसे दोन्हीकडचे वाया. दोन्हींत आठ-दहा दिवसांचं अंतर हवंच.

तुम्ही सांगताय ती रोपांची मर. अशा ओल्या हवेत बहुतेकदा पिथियम नावाची बुरशी असते. तिचे बीजाणू पाण्यात पोहत एका रोपाकडून दुसऱ्याकडं जातात, म्हणून सखल जागेत पहिल्यांदा पडझड होते. तुमच्या वाफ्याची अडचण औषधाच्या आधी पाण्याची आहे. आजच्या आज वाफ्याच्या चारी बाजूंनी चर खोला आणि साचलेलं पाणी काढून द्या. मेलेली रोपं, आजूबाजूची दोन बोटं निरोगी दिसणारी रोपं आणि खालची माती असं सगळं उचलून लांब टाका, बांधावर नको. मग कॉपर ऑक्सिक्लोराइड १० लिटर पाण्यात २५ ते ३० ग्रॅम घेऊन उरलेल्या रोपांच्या बुडात झारीनं ओता. पानांवर फवारून उपयोग नाही, रोग मातीत आहे. त्यानंतर ऊन पडेपर्यंत पाणी बंद. द्यायची वेळ आलीच तर सकाळी द्या, संध्याकाळी दिलेलं पाणी रात्रभर बुडात राहतं. युरियाचं नाव काढू नका, रोप लुसलुशीत होतं आणि लवकर बळी पडतं.

कागलचा_तंबाखूवाला:
आमच्या तंबाखूच्या तरूला हाच रोग लई जुना. पूर्वी काडीकचरा टाकून वाफ्याची जागा भाजून घ्यायचे. आता एप्रिल-मेमध्ये माती भिजवून, पारदर्शक प्लॅस्टिक घट्ट अंथरून महिना-दीड महिना तापवली तरी काम होतं. यंदा ते होणार नाही. म्हणून दुसरा तरू त्याच जागेवर टाकू नका. उंचवट्याची नवी जागा बघा, वाफा १ मीटर रुंद आणि कमीत कमी १५ सेंटिमीटर उंच करा. शेणखत पूर्ण कुजलेलंच घाला. बी फेकून पेरू नका. बोटाच्या चार पेरांएवढ्या अंतरानं ओळी काढून विरळ टाका. दाटीत वारं फिरत नाही आणि एक रोप पडलं की ओळ जाते. पेरायच्या आधी बियाण्याला किलोला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळा. तुमचं बी थोडं असेल तर त्या हिशेबानं चिमूटभर.

रोपवाली_ताई (पन्हाळा):
बी थोडंच आहे म्हणून माझा आग्रह ट्रेचा आहे. ९८ कप्प्यांचा ट्रे, धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि एका कप्प्यात एक बी. एका रोपाला रोग आला तरी तेवढाच कप्पा उचलता येतो, म्हणून घरच्या बियाण्यासाठी ही पद्धत मला सगळ्यांत भरवशाची वाटते. वर पावसाला आडोसा करा, पण बाजू मोकळ्या ठेवून बारीक जाळी लावा. फुलकिडे आणि पांढरी माशी रोपातच शिरली तर पुढं बोकड्यानं (पानं आकसून गुंडाळण्याच्या रोगानं) रान आकसतं.

उशिराची काळजी एवढी करू नका. मिरचीचं रोप पाच-सहा आठवड्यांत लावणीला येतं, म्हणजे आता टाकलं तर ऑगस्टच्या सुरुवातीला लावाल. तुमच्या भागात पाऊस आमच्यापेक्षा कमी असतो, चालून जाईल.

उभ्या रोपांचं सांगते. वाफ्याच्या कडेचं एखादं रोप उपटून बघा. मुळं पांढरी आणि खोड बुडापर्यंत हिरवं घट्ट असेल तरच लावा, जरा तपकिरी दिसलं तर माया करू नका. एकदा खोड जून झालं की ही बुरशी सहसा त्याला धरत नाही, म्हणून चार-सहा खरी पानं येईपर्यंत थांबा. लावणीच्या आठवडाभर आधी पाणी कमी करून रोप कणखर करा, काढायच्या दोन-तीन तास आधी मात्र वाफा भिजवा, नाहीतर बारीक मुळं तुटून वाफ्यातच राहतात. लावण ढगाळ दिवशी किंवा उन्हं कलल्यावर, वरंब्याच्या बगलेला. रोप वाफ्यात जेवढं खोल होतं तेवढंच लावा. बरेच जण आधारासाठी खोलवर खोचतात, आणि ओल्या मातीत खोड तिथंच सडतं.

धागाकर्ता:
सर्वांचे मनापासून आभार. चर आज दुपारीच खोलले, मधली माती काढून टाकली. औषध फक्त तांब्याचं आणतो. कडेचं एक रोप उपटलं, मुळं पांढरी निघाली, आईला दाखवलं. उरलेलं बी ट्रेमध्ये टाकायचं ठरलंय. ताई, कोकोपीट धुवायचं म्हणजे किती पाण्यात?

रोपवाली_ताई (पन्हाळा):
कोकोपीटची वीट भिजवून फुलली की गोणपाटात घालून दोन-तीन वेळा स्वच्छ पाणी ओता, खारटपणा निघून जातो. मुठीत दाबल्यावर पाणी ठिबकलं नाही पाहिजे, पण गोळा टिकला पाहिजे. तेवढ्या ओलीवर ट्रे भरा.